चौदावं पान

शनिवार, ८ नोव्हेंबर

जुनी गाडी गेली! तपासणीत नापास. गॅरेजवाल्याने बाबांना वाकायला लावून खालचा पत्रा दाखवला. रस्त्यावरच्या मिठाने पार चाळण झालीय. "हा हिवाळा काही ही काढायची नाही," म्हणाला.

म्हणजे बर्फ साचायच्या आत दुसरी हवी. आईचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार, खाली उएदाला. पंचवीस किलोमीटर घाट. आठ वर्षांत आईने एक वार चुकवलेला नाही. चुकवून चालतच नाही.

जेवताना बाबा म्हणाले, "मिओरी, तूच बघ गं कुठली घ्यायची ते. घरात शिकलेली तू एकटी."

एकटी! पदवी हातात घेऊन मात्सुमोतोहून परत आले त्याला आठ महिने झाले. आज पहिल्यांदा त्या कागदाचा घराला काही उपयोग दिसतोय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चौदा गाड्या तपासल्या. निम्म्यांची चारचाकी ताकद नावापुरती. पुढची चाकं घसरल्यावर मागची जागी होतात, तोवर गाडी दरीत. आपल्याला सतत चारही चाकं ओढणारी हवी. जमिनीपासून उंच. सात जणांची. डिझेल, कारण घाटात ओढ लागते. रंग पांढरा नको, बर्फात दिसत नाही.

शिवाय हिवाळ्यात गाडी कशी सांभाळायची तेही लिहिलं. सगळी मिळून बावीस पानं. ऑफिसात छापली नाहीत, दुकानात जाऊन स्वतः छापून आणली. नगरपालिकेचा कागद घरासाठी वापरायचा नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रडून झालं. आता लिहिते.

सगळे कोतात्सूत, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाखाली, पाय घालून बसले होते. मी मधोमध फाईल ठेवली. तेत्सुदादा म्हणाला, "बावीस पानं? गाडी घ्यायचीय की कुणाचं लग्न ठरवायचंय?" बाबा हसले. तेवढ्यात आईने उकळतं पातेलं आणलं, आणि बाबांनी ते — माझ्या फाईलवर ठेवलं! "बरी जाड आहे," म्हणाले. वर ते उतू गेलं. मिसोचा रस्सा, शेवया, सगळं कडेने आत.

मी उठून गेले. कुणी हाक मारली नाही. नाही, मारली. मादोकावहिनीने. पण तिची हाक मला नको होती.

नंतर पाणी प्यायला गेले तर वहिनी फाईल स्टोव्हजवळ धरून एकेक पान सुटं करत होती. "वाळेल गं," म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे, रद्दीत टाक."

शनिवार, १५ नोव्हेंबर

सगळे उएदाला गाड्या बघायला. माझी पसंती रांगेत तिसरी उभी होती, करड्या हिरव्या रंगाची. मी विक्रेत्याला गियरबद्दल विचारलं, तापमानाबद्दल विचारलं, तो घामाघूम झाला. बाबा माझ्याकडे बघत होते. छान वाटलं.

मग वहिनीने सरकतं दार उघडलं आणि म्हणाली, "आई, जरा चढून बघा ना."

आईला चढता येईना. पाऊल तेवढं उचलेना. उपचारानंतर तर तिचे पाय कापसासारखे होतात.

बावीस पानं! आणि आईचा पाय किती उचलतो हे मी एकाही पानावर लिहिलं नव्हतं.

विक्रेता म्हणाला, दाराशी जादा पायरी बसवता येते, धरायला दांडाही. वहिनीने आईला तीनदा चढवलं, उतरवलं. ठरलं. घेतली तीच, मी निवडलेली. पण परतताना बाबा दादाला म्हणाले, "बायकोला तुझ्या डोकं आहे हो." आणि आई त्या गाडीला "मादोकाची गाडी" म्हणाली. दोनदा.

वहिनी याइझूची. समुद्रकाठची. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा बर्फ हातात घेऊन "किती हलका!" म्हणत होती. तिच्याकडे थंडीत मोसंबी पिकतात. आणि ती आम्हाला गाडी निवडून देणार!

रविवार, २३ नोव्हेंबर

शुभ दिवस बघून गाडी आली. बाबांनी चारही चाकांवर मीठ टाकलं, साके ओतली. वहिनीची छोटी रिन टाळ्या वाजवत होती. बर्फाचे टायर कालच चढवलेत.

मग बाबांनी किल्ली वहिनीच्या हातात दिली.

कळतं मला. मी साडेआठला ऑफिसात असते. ती घरी असते, रिनला घेऊन आईला सोडू शकते, आणू शकते. सगळं कळतं. तरी माझा हात पुढे झालाच होता. मी तो केसांवरून फिरवला.

बुधवार, ३ डिसेंबर

पहिला मोठा बर्फ. सकाळी सहाला खिडकीतून पाहिलं, गाडीचे वायपर उभे करून ठेवलेले. काचेला चिकटू नयेत म्हणून. याइझूच्या बाईला हे कुणी शिकवलं? बाबांनीच. मला सगळं माझं मीच शिकावं लागलं.

सोमवार, ८ डिसेंबर

आता हँडब्रेकही लावत नाही ती. थंडीत जाम होतो म्हणून चाकांना लाकडी ठोकळे. डिकीत फावडं, पांघरूण, साखळ्या. बाबांनी हिला शिकवणीच लावलेली दिसते!

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज अर्धी रजा होती. मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. आई मागच्या सीटवर आणि मी तिच्या शेजारी. घाटभर आई पुढे झुकून वहिनीशी बोलत होती. कुणाच्या नोझावानाच्या पाल्याच्या लोणच्यात मीठ जास्त पडलं, कुणाची सून रुसली. दोघी खिदळत होत्या. मला म्हणे, "तुझं ऑफिस बरं चाललंय ना?" पाहुणीला विचारतात तसं.

आईच्या डाव्या मनगटाजवळ जोडलेली शीर आहे, सुया टोचायची. हात ठेवला की आत मधमाशी अडकल्यासारखी गुणगुण लागते. ती नीट चालू आहे ना, हे रोज बघावं लागतं. वहिनी बघते. मी एकदा हात पुढे केला होता तर आई म्हणाली, "तुला नको, तुला भीती वाटते."

पंधराव्या वर्षी वाटायची. आता मी तेवीस वर्षांची आहे.

बुधवार, १७ डिसेंबर

ऑफिसात हिवाळ्याचं पत्रक मी लिहिलं. मथळा माझाच: 'ज्याला माहीत आहे, त्याने सांगावं.' साहेबांना फार आवडला. घराघरांत वाटणार.

शुक्रवार, २ जानेवारी

वहिनी रिनला घेऊन माहेरी गेली. रविवारी येणार. दादाला सुट्टी नाही, स्कीच्या गर्दीत डोंगरावर नेणारे दोरीवरचे पाळणे चालवायला माणसं कमी. बाबा आईला आपल्या छोट्या ट्रकमधून घेऊन पहाटेच उएदाला गेलेले. अंगणात आम्ही दोघीच.

"वायपर, फावडं, पांघरूण, साखळ्या, गरम पाणी — सगळं घेतलं," बोटं मोजत म्हणाली. "आणखी काही राहिलं का गं, मिओरी?"

राहिलं होतं. माझ्या फाईलमधलं चौदावं पान. समुद्राकाठच्या पंपांवरचं डिझेल आमच्या थंडीत गोठतं, मेणासारखं. येताना टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची आणि वर चढायच्या आधी इथल्या पंपावर भरायची. इकडे ते वेगळं मिळतं, न गोठणारं. इथे जन्मलेल्याला हे सांगावं लागत नाही, म्हणून कुणीच कुणाला सांगत नाही. बाबांना वाटत असणार दादाने सांगितलं, दादाला वाटत असणार बाबांनी.

मी म्हटलं, "काही नाही. नीट जा."

विसरले असं लिहिणार होते. विसरले नव्हते. मनात आलं, बाबांनी शिकवलंय ना सगळं, मग हेही शिकवलं असेल. आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, ते लिहायला हात धजत नाही. लिहितेच. एकदा तरी तिची फजिती व्हावी.

शनिवार, ३ जानेवारी

फोनवर तीनदा मेसेज टाइप केला. तीनदा पुसला. आता सांगितलं तर विचारेल, कालच का नाही सांगितलंस?

रविवार, ४ जानेवारी

चारला आली. गाल लाल, रिन खांद्यावर झोपलेली. सुकी मासळी, चहा, मोसंबी. मला मऊ लोकरीचे हातमोजे. "स्टिअरिंग धरताना बोटं मोकळी राहतात बघ," म्हणाली.

आणि मग म्हणाली, "निघतानाच टाकी काठोकाठ भरून घेतली! उद्या सकाळी आईंना घेऊन सुटायचं, पंपावर थांबायला नको."

किती अभिमानाने!

बाबा जेवून लगेच झोपले होते, पहाटे तीनला त्यांना बर्फ काढायच्या यंत्रावर जायचं असतं. दादा पाळण्यावरच. घरात हे माहीत असलेली, जागी फक्त मी.

उद्या पहाटे उणे सोळा, असं सांगितलंय. येताना तिने बरंचसं तेल जाळलं असणार. उरलेल्याने चालेलही. नाही चालणार. गाडी भाजीच्या गुदामात घालून हीटर लावला तरी पुरे. उठून एवढंच सांगायचंय.

हातमोजे घालून बघितले. बरोबर बसतात.

सोमवार, ५ जानेवारी

साडेसहाला इंजिन घरघरलं, सुरू झालं, मेलं. पुन्हा. पुन्हा. मी पांघरुणात पडून मोजत होते.

धावत खाली गेले. आई कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेली. नव्या पायरीवरून चढून. वहिनी किल्ली फिरवतेय, ओठ निळे. "आता तर सुरू झाली होती गं! मी काय केलं?"

"डिझेल गोठलंय," मी म्हटलं. "बंद कर. आईला माझ्या गाडीत घेते."

माझी गाडी म्हणजे दोन चाकांनी ओढणारं खेळणं. घाटात हिवाळ्यात मी ती काढतच नाही, ऑफिसला चालत जाते. वहिनीने आईला उचलूनच आत बसवलं. मग डिकीतून फावडं आणि पांघरूण आणून माझ्या गाडीत टाकलं.

आई आणि मी. एकट्या. पंचवीस किलोमीटर! किती महिने हेच तर हवं होतं मला. आणि आई घाटभर काय बोलली? "पोर रडत असेल बघ. पोचल्यावर तिला फोन कर. तिला सांग आई रागावली नाही. बिचारी पहाटे चारला उठली होती, माझा डबा करायला."

पुलाच्या वळणावर गाडी घसरली. हळू, अगदी हळू, आणि थांबवता येत नव्हती. डावीकडे दरी, उजवीकडे बाबांच्या यंत्राने रचलेली बर्फाची भिंत. भिंतीत शिरलो. आईने माझा हात घट्ट धरला. तिचं डावं मनगट माझ्या मनगटावर. गुणगुण लागली.

"चालू आहे," मी म्हटलं.

"तू रडतेस काय वेडे? लागलं का?"

वहिनीच्या फावड्याने वाट काढली. पंचेचाळीस मिनिटं उशीर. नर्स म्हणाली, चालेल, आज संध्याकाळपर्यंत बसू आपण. चालेल! तिला काय माहीत.

संध्याकाळी बाबा दादावर ओरडले, दादा बाबांवर. "मला वाटलं तुम्ही सांगितलंत!" "मला वाटलं तू!" वहिनी मध्ये पडली. "मिओरीने फाईलमध्ये लिहिलेलं असणार. माझीच नजर चुकली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "लिहिलं होतं."

खरं आहे ते. आजवर बोललेलं सगळ्यात घाणेरडं खरं.

आणि हिचं हे सभ्य बोलणं! फाईल तर तेव्हाच रद्दीत गेली. मला सांभाळून घेतेय. मला दया नको तिची.

मंगळवार, ६ जानेवारी

ऑफिसच्या फलकावर माझं पत्रक लागलंय. त्या जिन्याने गेले नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

टॉर्च हवी म्हणून नव्या गाडीतला पुढचा कप्पा उघडला. माझी फाईल. कडेला रश्श्याचा डाग, उघडून उघडून मऊ पडलेली.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण. समासात तिचं बारीक अक्षर. 'वायपर रोज रात्री.' 'हँडब्रेक नाही!!' 'फावडं कधीच काढायचं नाही.' बाबांनी तिला काहीच शिकवलं नव्हतं.

तेराव्या पानावर खूण आहे. पंधराव्यावर आहे.

चौदावं पान तेराव्याच्या पाठीला शेवयांनी घट्ट चिकटलेलं. कुणी उघडलेलंच नाही.

"आणखी काही राहिलं का गं, मिओरी?"

बाकी सगळं तिला पाठ होतं.