सायकलीची ओटी

आप्पा, तुम्ही सांगलीहून आणलेली माझी सायकल मी न्यूझीलंडला न्यायचं ठरवलं, तेव्हा घरातले सगळे आधी हसले आणि मग एकेकानं मला वेगळं गाठून विचारलं, खरंच का. खरंच. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली, म्हणून मधलं थोडक्यात सांगते. मी साताऱ्यात एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. आता तिकडे एका लहान गावात तशाच प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आहे. नवरा आणि मुलगी बरोबर येणार. मी शेहेचाळीस वर्षांची आहे आणि गेले दोन महिने जिना एक सोडून एक पायरी चढते आहे.

तिथल्या घरापासून प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता चार किलोमीटरचा आहे. फोनवर त्या रस्त्याची चित्रं दिसतात. बोटानं सरकवत गेलं की आपण पुढे जातो. डेअरीत जेवणाच्या सुट्टीत मी रोज तो रस्ता जाऊन येत होते. निळं फाटक, मग चढ, मग लांब उतार, उताराच्या तळाला पूल. पुलाजवळ एक बाई कुत्रं घेऊन उभी आहे. चित्र काढलं तेव्हा होती, म्हणून रोज असते. मला तिची ओळख झाल्यासारखी वाटायला लागली. या रस्त्यानं मी सायकलवर जाणार, आणि याच सायकलवर, हे पहिल्या दिवशीच ठरलं. नवरा म्हणाला, तिथंही सायकली मिळतात. त्याचं बरोबर होतं. माझं उत्तर दोन दिवसांनी भांडी बांधताना सुचलं. तुमचं सगळं फौजेतलं, सरकारी होतं. ट्रंक, कांबळं, चहाचा मग, बूट, तो हिरवा स्वेटर, सगळ्यावर नंबर. आपण होऊन दुकानात जाऊन, निवडून, तुम्ही माझ्यासाठी आणलेली वस्तू एवढी एकच.

मी अकरावीला होते. कुंडलहून पलूसला कॉलेजला जायचं, तर सायकल हवी. पेन्शनीवर येऊन तुम्हाला वर्ष झालं होतं. सांगलीत तुम्ही ती मोरपंखी लेडीज सायकल घेतली आणि एसटीच्या टपावर टाकली तर रंग जाईल म्हणून एसटीत चढलाच नाहीत. पँटच्या पायांना सुतळी बांधून, मिशा तशाच पिळलेल्या, तुम्ही ती सायकल कुंडलपर्यंत चालवत आणलीत. वाटेत काय झालं ते तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्ही गेल्यावर भिलवडीचा एक माणूस भेटायला आला होता, त्यानं सांगितलं. चहाच्या गाड्यावर चारजण बसले होते आणि त्यांनी तुम्हाला थांबवून विचारलं, आवं फौजी, बायकूची सायकल घिऊन पळालाय काय? तुम्ही चहा संपवलात, कप ठेवलात आणि म्हणालात, "लेकीची हाय. तिला द्यायच्या आदी बघाय नगं व्हय, चालती का न्हाई?" सुतकातलं घर हसलं. आईसुद्धा हसली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

आता सामानाचं सांगते. पुण्याचा एक माणूस लोकांचं सामान बोटीनं पाठवतो. त्यानं बजावलं होतं की तो देश माती आत घेत नाही. माती नाही, बी नाही, गवताची काडी नाही. एका खोक्यात सापडलं तरी सगळं सामान तिथल्या बंदरावर अडकतं आणि ते कधी सुटेल याला नेम नाही. तो म्हणाला, नव्या सायकली लोक नेतात, मॅडम. जुनी नेऊ नका, जुनीत माती असतेच. मुलीची गिअरची सायकल तो एका शब्दानं घ्यायला तयार झाला. माझ्या सायकलीला त्यानं अट घातली. आधी धुवायची, फोटो पाठवायचे, त्याला पटलं तर न्यायची. ट्रक गुरुवारी येणार होता. बोटीत जागा धरलेली होती. गुरुवारी जे चढणार नाही ते इथंच राहणार.

आणि सायकल कुंडलला होती. गेली अकरा वर्षं भाऊ तिच्यावरून वैरण आणत होता. ती टेम्पोतून साताऱ्याला आली तेव्हा तिचा मूळ रंग कोणता हे मुलीला सांगून पटेना. मी सायकल गच्चीवर घेऊन बसले. मडगार्डच्या आत काळ्या मातीचे थर, वाळून दगड झालेले. खालच्या थरात माझ्या कॉलेजचे पावसाळे असणार, वरच्यात भावाचे. मागच्या चाकाच्या आसाला उसाचं पाचट पीळ घालून बसलेलं. सीटखालच्या स्प्रिंगात कुसळं. दात घासायचे तीन ब्रश, रॉकेल, दाभण आणि एक जुनी साडी. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे माझ्या हातांना आठवलं. तुम्ही एकदाच दाखवलं होतं. तीन दिवस मी तेच करत होते आणि आप्पा, मी गाणं म्हणत होते. माती भिजून सुटायची, काळं पाणी गच्चीच्या पन्हाळीतून खाली जायचं आणि मला वाटायचं, जाऊ दे, अजून जाऊ दे. गावची माती म्हणून चिमूटभर ठेव, असं शेजारच्या बाईंनी सुचवलं. मला तसं काही वाटलं नाही.

मी कॉलेजात असतानाचा कुठलाही रविवार. सकाळी कुंडलच्या अंगणात सायकल स्टँडवर लावलेली आहे. मी शेजारी उभी आहे. तुम्ही बनियनवर, हातात रुमाल. आधी रिम, मग साखळीचं कव्हर, मग मडगार्डच्या आतून बोट. बोट मला दाखवता. "फिरसे," म्हणता. एवढंच. मी पुन्हा बादली घेते. एकदा परीक्षा तोंडावर होती, उसाच्या गाड्यांनी रस्त्यावर चिखल केलेला, मी सायकल तशीच भिंतीला टेकवली आणि जेवायला बसले. तुम्ही ताटावरून उठवलंत. आई मध्ये पडली, पोरीला चार घास खाऊ द्या म्हणाली. "चिखल तिचा, सायकल तिची," तुम्ही म्हणालात, "भाकरी कुटं पळून चालली न्हाई." मी रडत धुतली. तुम्हाला तेव्हा मी मनात काय काय म्हणाले ते लिहीत नाही. परवा पुण्याच्या माणसाला फोटो पाठवले आणि त्याचा फोन आला, मॅडम, मडगार्ड आतून परत एकदा. मी इतकी हसले की तो गोंधळला. त्यानं विचारलं, काही चुकलं का माझं. मी म्हटलं, नाही, अगदी बरोबर आहे, पुन्हा घासते. दुसऱ्या फोटोंवर तो हो म्हणाला.

बुधवारी सायकल सतरा नंबरच्या खोक्यात गेली. हँडल वळवून, पायडलं काढून, टायरमधली हवा कमी करून. पुढची तारेची टोपली तशीच ठेवली, निघत नव्हती. आई त्याच दिवशी कुंडलहून आली. तिला मी सगळं सांगितलं, माती नाही, बी नाही. तिनं मान हलवली. गुरुवारी सकाळी पुण्याच्या माणसाचा ट्रक आला, चार हमाल आणि कराडचा एक मुकादम. मी खाली कागदांवर सह्या करत होते. एकेक खोकं जिन्यातून खाली येत होतं, मुकादम यादीवर खूण करत होता, फोटो काढत होता. सतरा नंबरचं खोकं आलं तेव्हा त्यानं पेन थांबवलं आणि विचारलं, ह्याला कुंकू कशानं लागलंय. खोक्याच्या झाकणावर दोन बोटं उमटली होती. चिकटपट्टी उचकटून पुन्हा लावलेली होती. हमालांनी खोकं उभं केलं आणि आतून सरसर आवाज आला.

मी वर धावले. आई गॅलरीत शेवटच्या खुर्चीवर शांत बसली होती. म्हणाली, वटी भरली तिची. तुमी खाली हुता तवा. मला क्षणभर कळेना, कुणाची. मग कळलं. टोपलीत खण अंथरून तिनं पाच मुठी तांदूळ, नारळ, हळकुंड आणि सुपारी ठेवली होती. तुमच्यामागंही तिनं ओटी भरणं सोडलेलं नाही, लेकीची ओटी आईनंच भरायची म्हणते. मी म्हटलं, आई, तुला सांगितलं होतं ना, बी चालत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, अडाणी माणसाकडे पाहावं तसं.

"आगं बी कुटलं? तांदूळ कांडून सडल्याला हाय, हळकुंड शिजीवल्यालं हाय. त्येंच्या सायबाला म्हणावं, पेर आन् उगवून दाव."

 बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही असता तर तुमच्याही आलं नसतं. तिला घेऊन मी खाली आले. मुकादमानं खोकं उघडून पाहिलं होतं. उभं केल्यावर तांदूळ टोपलीच्या जाळीतून सांडून सगळीकडे गेले होते, साखळीत, आऱ्यांत, ब्रेकच्या तारांत. तो आईशी अदबीनं बोलला. म्हणाला, "मावशी, परवा एकीनं गादीत लोणच्याची बरणी गुंडाळली हुती. तुमची तर वटी हाय. पर ह्ये काडाय लागंल बगा." आई म्हणाली, भरल्याली वटी काडत न्हाईत. लेकीला रिकामी लावून द्यायची? हिच्या बानं आणलीया ती. तिनं हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. साधं सांगितलं, जसं ताटात मीठ कुठं वाढायचं ते सांगावं. मुकादमानं घड्याळ पाहिलं. मग हळूच मला म्हणाला, मॅडम, हे खोकं ऱ्हाऊ द्या, बाकीचं घेतो. दुपारपर्यंत पुणं गाठायचं होतं त्यांना. ट्रकचं इंजिन चालू होतं. तो उतार, तो पूल, त्या बाईचं कुत्रं, सगळं माझ्या डोळ्यांपुढे एकदा येऊन गेलं, आणि त्या रस्त्यावर मी पायी चालत होते.

मला जे सुचलं ते विचार करून सुचलं नाही. मी ओढणी दोन्ही हातांत धरून आईपुढे उभी राहिले. म्हटलं, "आई, माझी ओटी अजून कुणी भरली नाही. तिची मला दे."

माझी ओटी तीन आठवड्यांनी, निघताना, कुंडलला भरायची असं तिनं ठरवलं होतं.  ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आई म्हणाली, आशी उभ्यानं न्हाई घेत, पाटावर बस. पाट सकाळीच चढला होता. मुकादमानं माझ्या पुस्तकांचं खोकं पुढे ढकललं, मी त्यावर बसले. रस्त्याच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून. तेवढ्यात तिनं दिशाही पाहून घेतली. तिनं टोपलीतून खण काढला, नारळ काढला, उरलेले तांदूळ मूठ-मूठ करून माझ्या ओढणीत घातले. मग हमालांनी सायकल उलटी धरली आणि हलवली. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर दाणे टपटप पडत होते. आईनं चष्मा लावला आणि साखळीजवळ उकिडवी बसली. आयुष्यभर तिनं सुपात जे केलं ते आता सायकलीत केलं. एकेक दाणा नखानं. ब्रेकच्या मागं बघा म्हणाली, मुकादमानं बघितलं, होता. फ्रीव्हीलपाशी एक अडकला होता तो तिनं केसातल्या आकड्यानं काढला. सायकलला लागलेलं कुंकू ओल्या कापडानं तिनंच पुसलं. झाकणावरचं पुसायला मी निघाले तर मुकादम म्हणाला, ऱ्हाऊ द्या, खोक्यावरल्या कुंकवाला कोण काय म्हणत न्हाई. मी आत हात घालून तळ चाचपला. मडगार्डच्या आतून बोट फिरवलं. स्वच्छ होतं. चिकटपट्टी लागली, फोटो झाला, यादीवर सतरा नंबरला खूण झाली. खोकं चढलं.

हे पत्र मी मंगळवारी लिहायला घेतलं होतं, टोपलीत ठेवायचं म्हणून. पण यादीत नसलेली वस्तू चालत नाही, आणि तुम्हाला लिहिलेलं पत्र यादीत काय म्हणून घालायचं ते मला सुचलं नाही. म्हणून ते मागं राहिलं. आता दुपार आहे. टेबल गेलं आहे, खिडकीच्या कट्ट्यावर लिहिते आहे. आई आत चटईवर झोपली आहे.

सकाळी ट्रक हलला तेव्हा आई रडत होती. वरच्या मजल्यांवरच्या बायका गॅलरीत येऊन माझ्याकडे बघत होत्या. एका हातात ओटी सांभाळत मी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, रडू नगं, पोचंल ती. मी मान खाली घालून उभी राहिले. ओढणी कोरडी होती, आप्पा. मी तोंड झाकलं होतं ते हसू दिसू नये म्हणून.