सोडून दिलेल्या ओळी

प्रिय बाबा,

मकराम काका रविवारी कुवेतला परत निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या खोलीत सहा जण आणि तुमचा फोन कायम स्पीकरवर. मागच्या वेळी माझ्या प्रत्येक वाक्याला मागून कोणीतरी "बरोबर बोलतेय पोरगी" म्हणून दाद देत होतं. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एकटे असताना वाचा.

आधी वर्गाचं सांगते, कारण आईने तसं बजावलंय: आधी वर्गाचं लिही, मग माझं. होय, हे पत्र तिला माहीत आहे. ख्रिस्तजयंतीपासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही. ती चर्चला येते, शेवटपर्यंत उभी राहते, आणि वेदीवरची भाकर घ्यायची वेळ आली की मागच्या दाराने निघून जाते. मनात वैर असेल त्याने कुर्बान घेऊ नये, म्हणून गावाने ठरवलं की तिचं लबीबा आत्याशी वैर आहे. तुम्हीही तेच धरून बसलात. "माझ्या बहिणीशी समेट करेपर्यंत तिच्या हातात फोन देऊ नकोस," असं तुम्ही मलाच सांगितलंत, तेही सहा जणांसमोर. मी तिला फोन दिला नाही. मलाही तेच खरं वाटत होतं.

तर वर्ग. यंदाच्या बायकांच्या बायबल-स्पर्धेला मार्कचं शुभवर्तमान आहे, आणि चर्चचे धर्मगुरू म्हणून अबूना मित्याउसनी शिकवायचं काम माझ्यावर टाकलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी केवढ्या हौसेने गेले. मला वाटलं, आपण अर्थावर बोलू. बायकांना हवे होते आकडे. भाकरीच्या टोपल्या किती उरल्या, बारा की सात, वेड्याच्या अंगातली भुतं शिरून डुकरं किती बुडाली. दोन हजार म्हटल्यावर शेजारच्या उम्म शनूदा म्हणाल्या, "आणि मालकाला कोणी विचारलं का, बाबा रे, तुझं काय?" पुढची वीस मिनिटं त्या मालकाची हळहळ करण्यात गेली. मी सांगायला गेले की गोष्ट त्या वेड्या माणसाची आहे, जो शुद्धीवर आला. तर म्हणे, "तो आला शुद्धीवर, मालक गेला वेडा." शुक्रवारमागून शुक्रवार असेच गेले. एकदा तर खडू टाकून घरी आले.

मी शिकवते ती प्रत तुमचीच आहे. अक्षरओळख झाल्यावर पुरुषांच्या वर्गात तुम्ही वाचायला शिकलात ती, मार्क सगळ्यांत लहान म्हणून दिलेली. प्रत्येक ओळीखाली तुमची पेन्सिल आहे. फक्त पाचव्या अध्यायात, बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट आहे तिथे, ओळींभोवती चौकट आणि कडेला तुमच्या अक्षरात एकच शब्द: सोडा. मी अबूनांना विचारलं. ते हसून म्हणाले, तेव्हाच्या मास्तरांनी बायकांचा विषय म्हणून तो भाग गाळला आणि थेट याईराच्या मरणाऱ्या मुलीच्या गोष्टीकडे गेले. वीस बाप्ये त्या दहा ओळी ओलांडून गेले, बाबा. तुम्हीही.

म्हणून मी त्या शुक्रवारी हट्टाने तीच गोष्ट घेतली. आई नेहमीसारखी दाराजवळ बसलेली. मी विचारलं, यातून काय समजतं? वर्षभरात एकदाही तोंड न उघडलेली आई म्हणाली, "होतं नव्हतं ते वैद्यांना दिलं आणि दुखणं वाढलंच. लिहिलंय ना तसं. मग कशाला जायचं वैद्याकडे?" बायका खो-खो हसल्या. मी इतकी चिडले की सगळ्यांसमोर तिला म्हणाले, हे असं वाचायचं नसतं. त्यावर उम्म शनूदा म्हणाल्या, "मग कसं वाचायचं ते सांगा, मास्तरीणबाई. बिचारी मागून गुपचूप आली, पदराला हात लावला, बरी झाली. जाऊ द्यायचं ना घरी. भर गर्दीत थांबवून, कोणी हात लावला म्हणून विचारायचं कारण काय?" सगळ्या म्हणाल्या, खरंय. आणि चार वर्षं विद्यापीठात घालवलेल्या तुमच्या मुलीने वही मिटून वर्ग तिथेच संपवला.

आठवडाभर मी तेच चघळत होते. मार्कमध्ये येशू कितीदा तरी बऱ्या झालेल्यांना म्हणतो, कुठे बोलू नकोस. इथे मात्र जिला लपायचं आहे तिलाच बोलायला लावतो. मला एवढंच सुचलं: ती गुपचूप घरी गेली असती तर शरीराने बरी आणि लोकांच्या लेखी तशीच विटाळलेली राहिली असती. तिने सगळं खरं सांगेपर्यंत तो थांबला, मरणाऱ्या मुलीचा बाप शेजारी ताटकळत असताना. आणि मग तिला मुलगी म्हणाला. हे मी कागदावर लिहून आईला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. खाली बघतच म्हणाली, "घरात कोणी विचारलं असतं, तर तिला गर्दीत कशाला जावं लागलं असतं?"

आणि मग सांगितलं. एकोणीस महिने, बाबा. रक्त थांबतच नाही. पाळीच्या दिवसांत आपल्याकडे बाई कुर्बान घेत नाही, म्हणून ती मागच्या दाराने जात होती. भाकरीच्या भट्टीवर आधी नंबर कोणाचा यावरून आत्याशी वाजलं तेही हे दुखणं सुरू झालं त्याच ऑगस्टात, आणि ते तर संध्याकाळपर्यंत मिटलं होतं. पण वैर आहे म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, म्हणून तिने ते चालू दिलं. तुमच्या सांगण्यावरून दोनदा आत्याची माफी मागितली, एकदा तुपातल्या फितीर पोळ्यांचं अख्खं ताट नेऊन. आत्याने दोन्ही वेळा माफ केलं आणि दोन्ही वेळा ते गावभर सांगितलं. आई रक्ताचे डाग धुतलेले कपडे धाब्यावर कबुतरखान्यामागे वाळत घालायची. मी त्याच धाब्यावर बसून वर्गाची तयारी करत होते. त्या बाईवर मी दोन पानं लिहिली आणि मागे वळून पाहिलं नाही. तुमच्यावर जेवढी चिडलेय ना, त्याहून जास्त स्वतःवर.

अबूनांकडे मीच तिला ओढत नेलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अगं, आजार तो आजार. तुला कोणी अडवलं? आणि अशा अशक्तपणात उपास कसले धरतेस?" सोहाग शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशयात गाठी आहेत, वाईट दिसत नाहीत, पण रक्त फार गेलंय. पुढच्या मंगळवारी शस्त्रक्रिया आहे.

त्याआधी शुक्रवारी कुर्बान घे, असं अबूना तिला म्हणाले. ती नाही म्हणाली. का, तर मनात वैर आहे. अबूना वैतागले, म्हणाले, पुन्हा लबीबा? आई म्हणाली, "लबीबाशी नाही, अबूना. वहीबशी आहे, माझ्याच नवऱ्याशी. न विचारता आळ घेतला त्याने, आणि मला तो माफ करता येत नाहीये." त्यासाठी हे पत्र. ती भाकर न घेताच मंगळवारी आत जाईल, बाबा, आणि मला ते सहन होणार नाही. त्या शुक्रवारच्या आधी, गुरुवारी संध्याकाळी फोन करा, खाली जिन्यात येऊन, स्पीकर बंद करून. तिला काही समजावू नका, लबीबा आत्याचं नाव काढू नका. काय होतंय तुला, एवढंच विचारा आणि ती बोलून संपेपर्यंत थांबा. तुमची प्रत सोबत पाठवतेय. त्या चौकटीतल्या दहा ओळी फोन करण्याआधी वाचा. कडेचा शब्द मी खोडून टाकलाय.

तुमच्या फोनची वाट पाहणारी, तुमचीच,
दमियाना