सूर्याला पांघरूण

३ डिसेंबर
पाणी पुन्हा कोमट! गच्चीवर सोलर बसवला तो काय शोभेला? दोन मजले, एक टाकी — आणि वरच्या मजल्यावरची माझी धाकटी जाऊ माझ्याआधी न्हाऊन मोकळी. केस कमरेपर्यंत. बादल्यांवर बादल्या! तोंडाने सांगायची सोय नाही. जिन्यातल्या कपाटावरून आमचा अबोला आहे. शेवटी तांब्या घेतला आणि पाइपवर तीनदा हाणला. म्हणजे — पुरे कर, बाई!
वरून तीन ठोके परत आले. काय हा उद्धटपणा!

४ डिसेंबर
मी तीन. ती तीन.

७ डिसेंबर
लेकीचा फोन. "आई, एकटी असतेस. बाथरूमची कडी लावत जाऊ नकोस. मागे घसरलीस तेव्हा किती वेळ कुणाला पत्ताच नव्हता." म्हटलं, पाणी गरम असतं तर कशाला घसरले असते? थंडीने उडी मारली म्हणून घसरले. "तुझं आपलं काहीतरीच!" म्हणे.
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, आदळआपट करणारी मुलगी सभ्य नव्हे. सिस्टरना जाऊ नव्हती.

१० डिसेंबर
प्लंबरला बोलावलं — वरचीचा नळ आवळता येतो का, ते विचारायला. तो गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "आजी, सूर्याला पांघरूण कुणी घातलंय?"
आजी!
सोलरच्या काचेवर रजई. माझी. अंथरुणाला रोज ऊन दाखवायचं, ही शाळेची शिस्त. कामवालीला मीच सांगितलं होतं, सगळ्यात जास्त ऊन असेल तिथे टाक. तिने टाकली. तिचं काय चुकलं? माझंही नाही. एवढं मोठं यंत्र — त्यावर 'येथे रजई वाळत घालू नये' अशी पाटी नको?

१२ डिसेंबर
रजई कालपासून कठड्यावर. आज पाणी — अहाहा! कढत! ठोकायची गरजच नाही. मनसोक्त न्हाले.
अंग पुसतेय तोच दारावर धडाधड. गाऊन चढवून उघडलं. जाऊ! केसांना फेस, एकाच पायात चप्पल, धाप लागलेली.
"ताई! का नाही ठोकलंत?"
"पाणी गरम होतं म्हणून."
"पाण्याचा काय संबंध? मागे घसरलात तेव्हा मला कळलंच नाही. आता रोज ठोकून सांगता ना — मी ठीक आहे म्हणून? मीही सांगते. आज काहीच नाही... तशीच धावत आले!"
आणि जिन्यातच बसून रडायला लागली. डोळ्यांत फेस गेला म्हणे.
माझ्या टॉवेलने तिचे डोळे पुसून दिले. मी!

१३ डिसेंबर
पाणी कढत. तरी ठोकलं. तीनदा.
वरून चार आले. एक जास्तीचा कशाला? वर जाऊन विचारतेच.