पहिला चेंडू पडला की

वसई,
१० मार्च २०२५

प्रिय ज्युड भावोजी यांस,
स.न.वि.वि.

वालीवच्या कारखान्यातल्या यंत्रांनी ह्यांचे कान नेले, म्हणून फोनवर बोलणं नाही. नेहमीसारखं पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. ह्यांचं यकृत संपत आलं आहे. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना आता बोलवा. तुम्ही एकुलते भाऊ, तेव्हा बोलवायला फार जण नाहीत.

तुम्ही पाठवलेली निळी टोपी हे खाटेवरही घालून असतात. बेसबॉलचा मोसम कधी सुरू होतो, हे रोज विचारतात. मी वाचनालयातून नियमांचं पुस्तक आणलं, निम्मं समजलं. चारही कोपरे धावून घरी परत आलं तरच धाव मोजतात म्हणे. तुम्हाला तर हा खेळ पाठ आहे.

तुमच्या लेकीला, एलिसाला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली वहिनी,
लुसी


न्यू जर्सी,
१४ मार्च

ती. सौ. लुसी वहिनींस,
सा.न.वि.वि.

पत्र वाचून काळजी वाटली. पण हिलरीदादा चिवट आहे. २७ तारखेला मोसमाचा पहिला सामना आहे. बर्फ वितळलं की इथली माणसं वेडी होतात. शेजारी आतापासून अंगणात पोराला चेंडू झेलायला लावतो, ऑफिसात कामापेक्षा पैजा जास्त. गेल्या वर्षी कुणी कितीही मार खाल्लेला असो, त्या दिवशी सगळ्यांची पाटी कोरी. पहिल्या दिवसाचं तिकीट नशिबाने मिळतं, यंदा मला मिळालंय.

तीस तारखेचं विमान धरतो. दादाला सांगा, पहिल्या सामन्याची गोष्ट घेऊनच येतो, तोवर थांब.

रागावलात तरी जेवायला वाढाल, या भरवशावर,
तुमचा ज्युड


वसई,
२० मार्च

प्रिय ज्युड भावोजी यांस,
स.न.वि.वि.

तुमचं पत्र ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, पोरगा हिवाळाभर वाट बघतोय, बघू दे त्याला सामना. पहिला चेंडू पडला की मला उठव.

ते मोठे भाऊ आहेत, तसंच बोलणार. मी बायको आहे. मी म्हणते, आज निघा. काल डॉक्टरांनी दिवस सांगितले नाहीत, नुसता चष्मा पुसत बसले.

सामने सहा महिने चालतात, असं पुस्तकात आहे.

वाट बघते,
लुसी


न्यू जर्सी,
२७ मार्च, रात्री

ती. सौ. लुसी वहिनींस,
सा.न.वि.वि.

जिंकलो. काय दिवस होता, वहिनी. आमच्या गड्याने असा फटका मारला की चेंडू थेट प्रेक्षकांत, आणि सगळं मैदान एकदम उभं राहिलं. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. मी रडलो, खोटं कशाला सांगू. दादासाठी नवी टोपी घेतली आहे.

हे त्याला लगेच वाचून दाखवा आणि तो काय म्हणाला ते कळवा.

चार दिवसांत दारात हजर होणारा,
तुमचा ज्युड


वसई,
२९ मार्च

ज्युड यांस,

हे २७ तारखेला दुपारी गेले. तुमच्याकडे तेव्हा उजाडलंही नव्हतं. फोन हातात घेतला होता. लावला असता, तर तुम्ही त्यानंतरही सामन्याला गेलात की नाही, हे मला कळलं असतं. ते मला कळायला नको होतं.

तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ह्यांना पेटीत ठेवलं होतं, गावातल्या बायका रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या. तुम्ही लगेच म्हणालात, म्हणून त्यांना थांबवलं आणि ह्यांच्या कानाशी वाकून सगळं वाचलं. 'सौ.' सुद्धा वाचलं. चेंडू प्रेक्षकांत गेला तिथे शेजारची सँड्रा उठून बाहेर गेली.

काय म्हणाले ते कळवा, असं लिहिलंत. काही म्हणाले नाहीत. चेंडू पडला, तरी उठले नाहीत.

भावाच्या नावाची मूठभर माती मीच टाकली. जुनी टोपी पेटीत घातली नाही, धुऊन ठेवली आहे. तुम्हाला लागेल.

उद्याचं विमान रद्द करा, आता घाई राहिली नाही. ह्यांच्या वर्षश्राद्धाची मिसा पुढच्या २७ मार्चला चर्चमध्ये सांगून ठेवली आहे. त्या दिवशी सामना आहे का, ते मी बघितलेलं नाही. तुम्ही बघा.

श्रीमती लुसी