व्हॅनच्या दाराची फट

८ जानेवारी, गुरुवार

दार चालत्या गाडीत उघडलं! जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या वळणावर. मागच्या सीटवर आमची ऐश्वर्या, आठवा महिना, आणि शेजारचं सरकतं दार अर्धं मागे! तिच्या आईनं, प्रेमलानं, पोरीला कवटाळून धरलं. मी करकचून ब्रेक मारला, तर मागच्या ट्रकवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. काढू दे.

दार ओढून लावलं, सुतळीनं बांधलं. तरी फट राहिलीच. उरलेला रस्ताभर सिमेंटची धूळ आत. बारीक, पिठासारखी. हॉस्पिटल येईपर्यंत पोरगी खोकत होती. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दमा आहे तिला. या दिवसांत धूळ अजिबात नको." जसं काही मीच मुठीनं घालतोय! आता दर गुरुवारी तपासायला आणा म्हणाल्या.

संध्याकाळी जावयाचा फोन. "बाबा, पुढच्या टाइमाले टॅक्सी करून घेऊ. रिस्क कावून घ्यायची?" धनंजय मुलगा वाईट नाही. पण माझ्या गाडीला रिस्क म्हणाला.

प्रेमलाला म्हटलं, पोरीला आत्ताच कोहक्याला आपल्या घरी आणू, जाणं-येणंच नको. तर म्हणे, "आठव्यात मायरी आणत नाई. नववा लागू द्या." झालं! म्हणजे तोवर दर गुरुवारी तिच्या सासरच्या जामुलहून हॉस्पिटल, आणि मध्ये ती धूळ.

९ जानेवारी, शुक्रवार

भैय्याजीच्या गॅरेजात गेलो. गाडी दिसली की तो हसतोच. "देवाजी, हे म्युझियमले देऊन टाक." सत्त्याऐंशीची मारुती व्हॅन आहे. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून घेतली, तेव्हा ऐश्वर्या बालवाडीत होती. दार सरकवायचा मान तिचा. दुसऱ्या कोणी हात लावला की भोकाड! त्याच दारातून तिचं बाळ घरी उतरावं, एवढं माझ्या मनात आहे. टॅक्सीतून नाही.

खालचा रोलर झिजून चपटा झालाय. त्यामुळे दार लोंबतं आणि लॅच पुरता लागत नाही. कडेचं रबर वाळून दगड. भैय्याजी मात्र दाराकडे बघेचना. पुढची सीट उचलून खालच्या इंजिनाचा आवाज ऐकत बसला. "दाराचं मंग पाहू. पैले सायलेन्सरचं पॅकिंग बदल. फुटलं हाये. फटफट करून राहिलं."

आवाजानं कोणाला खोकला येत नाही, म्हटलं. आधी दार. रोलर तू बसव, रबर मी बसवतो. दाराचं काम मला कोणी शिकवू नये!

१२ जानेवारी, सोमवार

रोलर बसला. दार एका बोटानं सरकतं! उगीचच कितीदा तरी उघडलं, लावलं. समोरची बाई खिडकीतून बघत होती. बघ म्हणावं.

रबर अजून मिळालं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

रबर दुर्गला मिळालं. जाड, पोकळ, दाबलं की परत फुगणारं. अस्सल!

सकाळपासून अंगणात. जुनं रबर खरवडलं, गंज घासला, कडेला सोल्युशन लावलं, आणि एका कोपऱ्यापासून सुरू करून न तोडता पूर्ण फेरा घेतला. जोड वर ठेवला, खाली नाही. खाली जोड आला की तिथूनच गळती सुरू. हे मला भट्टीनं शिकवलं.

उभी नोकरी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर गेली; त्या भट्ट्यांच्या रांगेला आम्ही बॅटरी म्हणतो. तिथं काम एकच — दारं. बंद भट्टीत कोळसा भाजायचा, आणि दाराला केसाएवढीही फट ठेवायची नाही. फट राहिली की गॅस बाहेर, आणि बाहेर माणसं. धूर दिसतो, पण त्यातल्या विषारी गॅसला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी झोपतो. 'गॅस लागला' म्हणायचो आम्ही. माझ्या पाळीत माझ्या दारावर कोणाला गॅस लागला नाही. रिटायर होताना शाल दिली, नारळ दिला, पण ही गोष्ट कोणी बोललं नाही. इथं लिहून ठेवतो.

हात सोल्युशननं चिकट झालेत. पानालाही लागलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ खाऊन थेट गाडीत जाऊन बसलो. काचा वर, दार बंद, हातात पेटती अगरबत्ती. भट्टीवर धुरावरूनच गळती ओळखायचो, इथंही तेच. दाराच्या कडेकडेनं अगरबत्ती फिरवली. धूर जरासुद्धा हलला नाही. सरळ वर! नंतर तर सगळा धूर आतच घोटाळत राहिला, त्याला बाहेर जायला जागाच सापडेना. डोळे चुरचुरले पण काय आनंद झाला!

प्रेमलानं काचेवर टकटक केली. "सणाच्या दिवशी गाडीची पूजा करून राहिले का?"

१५ जानेवारी, गुरुवार

एकदाही खोकली नाही!! जामुलपासून हॉस्पिटलपर्यंत, आणि परत. बाहेर ट्रक धुरळा उडवत होते, आत सीटवर बोट फिरवलं तर स्वच्छ. काचा मी उघडू दिल्याच नाहीत. थंडीही आहे.

आणि एक गंमत. ऐश्वर्या म्हणाली, "बाबा, याले तुमची गाडी पसंत आली. एरवी दिवसभर लाथा मारते, गाडीत बसलो की एकदम चूप. झोपून जाते." प्रेमला हसली. मी आरशातून दोघींकडे बघितलं; घरी येईपर्यंत तेच मनात घोळत होतं. जन्मायच्या आधीच नातवंडाला आजोबाची गाडी कळली!

धनंजयला मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणाला, "बढिया, बाबा. आता टॅक्सीचं नाव नाई काढत." काढूच नको.

संध्याकाळी डोकं जड होतं. उन्हात उभा राहिलो होतो.

१८ जानेवारी, रविवार

प्रेमलाची कुरकुर. "गाडीत कायचा तरी वास येते. माहं डोकं दुखलं त्या दिवशी." सोल्युशनचा वास आहे, म्हटलं, नवं रबर आहे, जाईल. तिला गाडीत काही ना काही खुपतंच.

मधल्या काचांच्या खाचाही आज बुजवल्या. हात लागलाच आहे तर अर्धवट कशाला!

२२ जानेवारी, गुरुवार

आजही खोकला नाही. बाळ आजही झोपलेलं. ऐश्वर्याही झोपली, जाताना आणि येताना. उतरल्यावर तिला उलटी झाली. तिची आई म्हणाली, होते असं या दिवसांत.

रेल्वे फाटकावर बराच वेळ अडकलो. इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं की हे थंडीत लवकर पेटत नाही. फाटक उघडलं तेव्हा गिअर कुठला टाकायचा तेच क्षणभर सुचेना. वय झालं.

भैय्याजी रस्त्यात भेटला. "पॅकिंग केलं का?" करतो रे बाबा, पुढच्या आठवड्यात.

२३ जानेवारी, शुक्रवार

डोकं. बीपी मोजून आलो, ठीक आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

रात्र झालीय. तरी लिहितो. नाही लिहिलं तर फुटेन.

ऐश्वर्याला जामुलहून घेतलं. दोघी मागे, काचा वर. वाटेत धम्मपाल दिसला. माझ्याच भट्टीवर होता, अजून नोकरीत आहे. पहिली पाळी करून चालला होता, बाइक पंक्चर, ढकलत होता. बाइक पानठेल्यावर लावायला सांगितली आणि पुढं बसवलं. म्हटलं, बघ काकाचं दार! त्यानं आतून दाराच्या कडेवरून हात फिरवला. "काका, एकदम बॅटरीवानी सील केलं."

त्याच्या खिशात पीं-पीं सुरू झालं. भट्टीवरच्या प्रत्येकाच्या खिशाला गॅसचा मीटर असतो, तो तसाच घरी घेऊन निघाला होता. "अरे बाप! बंद कराले भुललो." बटण दाबलं. परत पीं-पीं. "सेन्सर गेला वाटते." मीही हसलो. इथं कुठला गॅस! प्लांटची मशिनं अशीच, म्हटलं, तुमच्या साहेबांसारखी — काम नसताना ओरडतात.

धम्मपालनं काच खाली करून हात बाहेर धरला. मीटर गप्प. हात आत घेतला. पीं-पीं-पीं.

पुन्हा बाहेर. गप्प. पुन्हा आत.

तो हसायचा थांबला. मीटर माझ्यापुढं धरला. तो आकडा मी ओळखतो. त्या आकड्यावर आम्ही बॅटरीवरून माणसं खाली उतरवायचो.

आरशात बघितलं. ऐश्वर्याचं डोकं आईच्या खांद्यावर. प्रेमलाचेही डोळे मिटलेले. हाका मारल्या, दोघी हलेनात!

गाडी कशी थांबवली आठवत नाही. दार ओढलं तर एका बोटानं सरकलं, माझं ते दार. पोरीला बाहेर ओढून रस्त्याच्या कडेला मातीत बसवलं, गालावर चापट्या मारल्या. नाव सांग! तुझं नाव सांग! गॅस लागलेल्याला भट्टीवर हेच विचारतात. ती नुसती बघत राहिली. मग एक ट्रक धुरळा उडवत गेला आणि ती खोकली. खोकली! तो खोकला ऐकून मी रस्त्यावरच रडायला लागलो.

प्रेमला उठून बसली होती. "काय झालं? काय झालं जी?" धम्मपालनं ऑटो थांबवला. हॉस्पिटल. ऑक्सिजन लावला दोघींना. प्रेमला लवकर सावरली.

डॉक्टरीणबाईंनी ऐश्वर्याच्या पोटाला पट्टा लावला. ठोके आहेत. पण बाळ हलत नाही. "थांबावं लागेल," म्हणाल्या. "मागच्या दोन खेपांनाही गाडीत हालचाल कमी होती का?" प्रेमलानं माझ्याकडे बघितलं.

बाळ झोपत नव्हतं.

सायलेन्सरचं फुटलेलं पॅकिंग, सीटखालून वर येणारा धूर. ज्या फटीतून धूळ आत यायची, त्याच फटीतून तो बाहेर जात होता. मी ती बुजवली. अगरबत्ती लावून तपासली. भट्टीवर गॅस आत कोंडायचा, कारण माणसं बाहेर असतात. इथं माणसं आत होती! एवढं साधं, आणि मला, देवाजीला, दारं बंद करण्यात उभा जन्म घालवलेल्याला, कळलं नाही. कळायचं तर मलाच कळायला हवं होतं.

धनंजय आला. मी उभा राहिलो, म्हटलं, माझ्यामुळं झालं, दार मी बुजवलं. वाटलं, चार शब्द बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. "बसा, बाबा. पाणी आणतो," म्हणाला.

३० जानेवारी, शुक्रवार

ऐश्वर्या बोलते. डाळखिचडी खाल्ली. ठोके नीट आहेत म्हणतात. हालचाल नाही.

प्रेमला पोरीच्या उशाशी बसून आहे. माझ्याशी बोलत नाही. मी बाहेर बाकावर. आत जायचा धीर होत नाही. गेलो की ऐश्वर्या हसते, ते बघवत नाही.

धम्मपाल येऊन गेला. गाडी त्यानं भैय्याजीकडे लावली. भैय्याजी काही म्हणाला का, विचारलं. "नाई, काका. सीट उघडून पायलं, अन् पॅकिंग काढाले बसला."

देवा, माझं काय करायचं ते कर. त्याला हलव.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी प्रेमलानं दारातून हाक मारली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "आत या. पोरगी बोलावून राहिली."

ऐश्वर्यानं माझा हात धरला आणि पोटावर ठेवला. मी काढून घ्यायला गेलो, तिनं सोडला नाही. "बाबा, थांबा नं थोडं."

थांबलो.

लाथ! अशी सणसणीत, की हात उडाला. पाठोपाठ दुसरी!

मार, म्हटलं. अजून मार.