हरिदासची उदाहरणं

३ फेब्रुवारी १९८६
माझा जुना मित्र हरिदास मूल गावाहून आला. गळ्याला मफलर, आवाज पार फाटलेला. घशात गाठ निघालीय. नागपूरच्या दवाखान्यात भरती व्हायला सांगितलंय. निघताना पिशवीतून जाड वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. पंधरा वर्षं शाळेत मराठी शिकवताना लिहिलेली. उपमा, रूपक, रस, कथानक, पात्र... एकेक संज्ञा, सोपी व्याख्या आणि इथलंच उदाहरण.
म्हणाला, "तुले कॉलेजची पोरं भेटतात. तू पाहून घे. छापता आली त छाप, दोघायच्या नावानं."

१० फेब्रुवारी
वही वाचतोय. व्याख्या मलाही जमतील. उदाहरणं नाही जमणार. उपमेला लिहिलंय: नवी सून धानाच्या पऱ्ह्यासारखी, कोवळ्या रोपासारखी, एका बांधीतून उपटून दुसरीत रोवली की दोन दिवस मान टाकते. अतिशयोक्तीला: कोळसाखाणीच्या घुग्घुसला कावळा पांढराच जन्मतो, संध्याकाळपर्यंत काळा होतो. एकटाच हसलो. मग बरं वाटेना. दहा वर्षं मी अकरावीला चंद्रासारखं मुख शिकवतोय.

२२ मार्च
नागपूरचे एक प्रकाशक कॉलेजात आले होते. अकरावी-बारावीसाठी साहित्यातल्या संज्ञांचं छोटं पुस्तक हवंय. मी म्हटलं, आहे. हरिदासचं ऑपरेशन याच आठवड्यात. त्याला विचारायला हवं होतं. वही उतरवायला घेतली. चारदोन ठिकाणी माझी भर घातली.

५ एप्रिल
दोघांच्या नावाने पाठवलेल्या हस्तलिखितावर प्रकाशकांचं पत्र. उदाहरणं फार जिवंत, जूनपर्यंत छापू. मात्र लेखक एकच द्या. प्राध्यापकाचं नाव चालतं, शाळामास्तराचं चालत नाही.

६ एप्रिल
उत्तर लिहिलं नाही.

९ एप्रिल
लिहिलं. माझं नाव कळवलं.

३० एप्रिल
मनकर्णावहिनी आली, हरिदासची बायको. भर उन्हात, एसटीने. वही मागायला.
"त्यायले बोलता येत नाई आता, भाऊजी. पाटीवर लिहून सांगतात. पडल्या पडल्या नवीन उदाहरणं सुचून राह्यली म्हणतात."
वही दिली. तिने पदराने पुसून पिशवीत ठेवली.
"छापाचं काही झालं का?"
"पाहू," मी म्हणालो.
"पाहा. घाई नाई."
पुस्तक छापखान्यात आहे.

२ जुलै
दहा प्रती आल्या. हिने एक उचलली. कव्हर पाहिलं, मग पानं उलटायला लागली.
"हरिदासभाऊंचं नाव आत असेल ना?"
मी उरलेल्या प्रती मोजायला घेतल्या. तिने शेवटपर्यंत पाहिलं, पुस्तक मिटून कपाटात ठेवलं आणि भाकरी टाकायला गेली. प्रस्तावना माझीच. तिच्यात प्राचार्यांचे आभार आहेत, छापखान्याचे आहेत. तिथे तरी नाव घालता आलं असतं. मला कोणी अडवलं नव्हतं.

१४ जुलै
अकरावीत उपमा घेतली. पुस्तकातून. मूलची कांता म्हणून एक मुलगी आहे, ती उभी राहिली.
"सर, हे पऱ्ह्याचं हरिदास सरांनी आमाले सातवीतच सांगितलं होतं."
वर्ग माझ्याकडे बघत होता.
"अशी उदाहरणं तोंडोतोंडी चालत येतात," मी म्हणालो. "त्यांना कोणी धनी नसतो."
ती बसली. आणि माझं ते वाक्य तिने वहीत उतरवून घेतलं.

२० जुलै
हरिदास मूलला परत आलाय म्हणे. पत्र लिहायला बसलो. चार ओळी झाल्या. सगळी कारणंच. फाडलं.

११ ऑगस्ट
बसस्टँडवर गेलो होतो. मूलची गाडी लागली, खिडकीजवळची जागा रिकामी होती. कंडक्टरने दोनदा विचारलं. मी घड्याळाकडे बघत राहिलो. गाडी गेली. घरी हिने कुठे गेला होता म्हणून विचारलंही नाही.

२९ ऑगस्ट
मूलहून पोस्टकार्ड. हरिदासचं अक्षर, हललेलं.
'आपले पुस्तक शाळेत आले. वाचले. पान ३१ वर श्लेषाचे म्हणून दिलेले उदाहरण यमकाचे आहे. पान ४७ वर करुण रसाचा स्थायीभाव भय छापला आहे, तो शोक असतो. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त व्हावे. मुलांचे मार्क जातील.'
नावाबद्दल एक अक्षर नाही. 'आपले पुस्तक' वाचून क्षणभर वाटलं, आपल्या दोघांचं. मग कार्ड उलटलं. पत्त्यावर लिहिलंय, 'मा. प्राध्यापकसाहेब.'
आपले म्हणजे तुमचे.