फोनवर बरं हाय म्हणायचं

आई,

मी आता तुझ्यापेक्षा वयानं मोठी झाले आहे. अचानक दारात आलीस तर तूच मला 'आवं, बसा की' म्हणशील आणि मला हसू आवरणार नाही. तुला झालं होतं तेच मला झालंय, हे आधीच सांगून टाकते. आडून आडून बोलायला तुझ्याकडूनच शिकले, पण आता त्याचा कंटाळा आलाय. गाठ काढली, आता केमो चालू आहे. सकाळी मेढ्याहून साताऱ्याला जायचं, दिवसभर सलाईन लावून पडायचं, संध्याकाळी घरी यायचं. तुझ्या वेळी या रोगाचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. इथले डॉक्टर टेबलापलीकडून ते असं घेतात, जसं काही शेजारच्या गावाचं नाव आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

दवाखान्यातल्या नर्सनं माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलंय. कॅन्सरच्या पेशंटच्या मनासाठी. हसू नकोस. शरीराला सलाईन आणि मनाला मोबाइल, असे दिवस आलेत. रोज सकाळी ते विचारतं, 'आज मन कसं आहे?' आणि खाली ओळीनं चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एक गोड आवाजाची बाई 'श्वास आत घ्या, हळूहळू सोडा' म्हणते. एकदा तिच्या नादी लागून श्वास घेत बसले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. शिवाय आठवड्यातून एकदा सांगलीहून एका समुपदेशक बाईंचा फोन येतो. आमचे हे फौजेतून आलेले, त्यांचं सगळ्यावर एकच औषध, 'हौसला रखो'. त्यामुळे मी ॲपला नाही म्हटलं नाही. पण रोज हसराच चेहरा दाबायचे. ओकाऱ्यांनी आतडी तोंडाशी आली तरी हसरा, जिभेला फोड येऊन पाणी गिळवेना तरी हसरा. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. फोनवर काय सांगायचं असतं, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

रविवारची दुपार आहे. विट्याजवळच्या आपल्या गावात, वाण्याच्या दुकानात, गलाईवाल्यांच्या बायका गुळाच्या ढेपांशेजारी बसल्या आहेत. सगळ्यांचे नवरे कुठं कुठं लांबच्या शहरांत सोनं गाळायला गेलेले, आणि सगळ्यांचे फोन या एकाच डबड्यावर येणार. आण्णांचा तमिळनाडूतून फोन येतो. तू पदर सारखा करतेस, उठतेस. दुकानभर कान टवकारलेले. "व्हय. बरं हाय. समदं बरं हाय. तुमी येळंवर जेवताय न्हवं?" एका हातात फोन आणि दुसरा हात पदराखाली काखेत घट्ट दाबून धरलेला. तो हात फक्त मला दिसतो, कारण मी तुझ्या कमरेएवढी आहे.

एका रविवारी तू फोन माझ्या कानाला लावलास आणि मी बोलून गेले, "आण्णा, आई जेवत न्हाई. लय कण्हती." तू हसत हसत फोन काढून घेतलास. "काय न्हाई वो, येडी हाय पोरगी. उन्हाळा हाय, जेवान जात न्हाई." घरी आल्यावर तू आण्णांसाठी लसणाची चटणी कुटत बसलीस, गावातलं कुणीतरी तिकडं निघालं होतं त्याच्याबरोबर द्यायला. उखळापाशी मी शेंगदाणे सोलत होते. तू मुसळ थांबवलंस. मारशील असं वाटलं. मारलं नाहीस. "तुझा बाप तिकडं ॲसिडपाशी बसतो. मन हितं आडाकलं तर हात पोळंल त्येचा. फोनवर कवा रडायचं न्हाई. फोनवर बरं हाय म्हणायचं. कळलं?"

कळलं. गलाईवाल्यांच्या घराघरांत हेच शिकवत होते आणि त्यात चूक काय होती, ते मला आजही सांगता येणार नाही. आण्णांचे हात शेवटपर्यंत धड राहिले. पण तू फोन ठेवल्यावरही बरं हायच म्हणत राहिलीस. मला म्हणालीस, आजीला म्हणालीस, कण्हता कण्हता म्हणालीस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपल्या घरात ती झाकूनच माणसं जायची. मला म्हसवडला मावशीकडं पाठवलं आणि परत आणलं तेव्हा अंगणात तुझ्या तेराव्याचा मांडव होता. तुला दुखतं का, भीती वाटते का, मी डोकं दाबू का, यातलं एकही विचारायचं मला मिळालं नाही. मला तू हवी होतीस गं. हसरी नको होतीस, कण्हणारी चालली असती.

आणि बघ, मी काय केलं. माझी लेक पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मी सांगितलं, साधी गाठ होती, काढली. केस गेल्यापासून व्हिडिओ कॉल बंद केला. डोंगराच्या नावावर काय काय खपतं. रेंज नाही म्हटलं की मुलं गप्प बसतात. परीक्षा होऊ दे, मग सांगू. तिचा हात कशावर पोळणार होता, देव जाणे. इकडं डॉक्टर म्हणत होते की पुढचे डोस लागू पडतील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, आणि मी तिला जेवलीस का विचारून फोन ठेवत होते.

सांगलीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते. रेंज खरंच तिथंच बरी येते. त्यांच्या बोलण्याला आपल्याकडचाच हेल आहे. म्हणाल्या, "ताई, केमोच्या दुसऱ्या दिवशीपण तुमचा चेहरा हसराच? माझासुदिक रोज नसतोय हो." मी म्हटलं, "फोनवर असंच सांगायचं असतं." त्यांनी विचारलं, "कुणी शिकवलं?" मी तुझं सांगितलं. वाण्याचं दुकान, काखेतला हात, मुसळ, सगळं. शेवटी त्या म्हणाल्या, "आन् आता तुमची मुलगी कुठं बसलीया, ताई?" मला आधी कळलंच नाही. माझी लेक माझ्याच जागी, त्या उखळापाशी बसलीय, हे कळलं तेव्हा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून मी अशी रडले, की बिचारी म्हैस वैरण सोडून माझ्याकडं बघत राहिली. "मला भीती वाटते," असं मी फोनवर म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तिथूनच लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि डोक्याचा रुमाल काढला. ती म्हणाली, "तू 'बरं आहे' दोनदा म्हणायला लागलीस तेव्हाच मला शंका आली होती. विचारायचा धीर झाला नाही, आई." फोन बंद झाला. सकाळच्या एसटीनं ती दारात. बॅग खांद्यावरच होती. स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि माझं बोडकं डोकं मांडीवर घेतलं. मी किती रडले ते सांगत नाही. ती "दुखतं का? कुठं दुखतं?" विचारत होती आणि मी कुठं कुठं ते सांगत होते. परीक्षा ती इथून जाऊन-येऊन देणार आहे. डोस लागू पडेल की नाही ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

हे मी त्या ॲपमध्येच लिहिते आहे. 'मनातलं लिहा' म्हणून एक जागा आहे आणि खाली 'पाठवा'चं बटण. दाबलं की सांगलीला त्या बाईंकडं जाईल. दाबणार नाही. त्या चांगल्या आहेत, पण एवढं एक त्यांनाही कळायला नको. लेक बाहेर भांडी घासते आहे, मला हात लावू देत नाही. तिच्याकडं बघत बसले की जीव भरून येतो, आणि खरं सांगू, थोडा जळतोही. तिला तिची आई रडताना मांडीवर घ्यायला मिळाली.